हिवाळ्यातली मुंबईची हवा: सोसायटीत दर वर्षी विचारले जाणारे प्रश्न

मी चेंबूरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. एका बाजूला माहुलच्या रिफायनऱ्या, दुसरीकडे देवनारचं डंपिंग ग्राउंड आणि समोर पुनर्विकासाच्या चार इमारती एकाच वेळी चढतायत. ऑक्टोबर सरला की जिन्यात, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये तेच प्रश्न येतात. आईला दमा असल्यामुळे यातले बरेचसे मला स्वतःलाच पडले होते. उत्तरं एकदा लिहून ठेवलेली बरी.

पावसाळ्यात हवा छान होती, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अचानक काय बिघडतं?

धूर वाढतो हे खरं असलं तरी तो अर्धाच भाग. गाड्या, भट्ट्या, बांधकामं बारा महिने चालूच असतात. बदलतो तो वारा.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतं? दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. मुंबईचं झाडलोटीचं काम या खाऱ्या वाऱ्यांवर चालतं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि वर पाऊस, म्हणजे झाडूही आणि पोछाही. मान्सून परतला की वारा मंदावतो, खारा वारा उशिरा सुरू होतो आणि काही दिवस तर नावालाच येतो.

त्यात थंडीच्या रात्री आणखी एक गोष्ट होते. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर जाते आणि धूरही सोबत नेते. हिवाळ्यात पहाटे जमीन थंड असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. सकाळी साडेसहाला आमच्या गच्चीवर जाऊन माहुलच्या दिशेला बघा. चिमणीचा धूर थोडा वर चढतो आणि मग छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. ते छत म्हणजेच हे झाकण. ऊन वर आलं की ते उघडतं.

ॲपवर १४० आकडा दिसतोय. हे वाईट की ठीक?

आपल्याकडे २०१५ पासून सुरू असलेल्या एक्यूआयच्या (हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाच्या) पट्टीत ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. म्हणजे १४० ला सरकारी भाषेत ‘मध्यम’ म्हणतात. हा शब्द मला कधीच पटलेला नाही. आकडा पीएम २.५ मुळे, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांमुळे, आला असेल तर १४० चा अर्थ हवेच्या दर घनमीटरमागे सुमारे ७२ मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपली राष्ट्रीय मर्यादा ६०, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली १५. ‘मध्यम’ हवा ही अशी.

दुसरी गोष्ट म्हणजे हा आकडा सगळ्या प्रदूषकांची बेरीज किंवा सरासरी नसतो. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वात वाईट तोच एक्यूआय म्हणून दाखवतात.

एका ॲपवर १०० आणि दुसऱ्यावर १५०, एकाच वेळी, एकाच जागी. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप भारतीय पट्टी वापरतं, बरीच परदेशी ॲप्स अमेरिकन. पीएम २.५ साठ असेल तर आपल्या पट्टीवर १०० येतात आणि अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या वर. म्हणून आकड्यांवरून भांडण्यापेक्षा मायक्रोग्रॅम बघावेत, ते पट्टीप्रमाणे बदलत नाहीत.

शिवाय अधिकृत आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. सकाळी सातला गेटपाशी कोणी कचरा पेटवला तर त्याचा मागमूसही त्यात दिसणार नाही. मापनकेंद्र दोन किलोमीटरवर असेल तर मुळीच नाही. आकडा शहराचा असतो, श्वास मात्र आपल्या गल्लीतला.

पीएम २.५ आणि पीएम १० म्हणजे नक्की काय?

कणांचा आकार. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून लहान, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज बांधा. ढोबळमानाने दळून-घासून झालेली धूळ मोठ्या कणांत येते: रस्ता, खडी, सिमेंट. जळून झालेला धूर बारीक कणांत येतो: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा.

घरच्या घरी करायचा एक प्रयोग सांगतो. खिडकीच्या ग्रिलवरून ओलं पांढरं फडकं फिरवा आणि दोन बोटांत चोळा. करकरीत, राखाडी लागलं तर धूळ. चिकट, काळं आणि साबणाशिवाय न निघणारं असेल तर काजळी. आमच्या इमारतीत समोरच्या बाजूला करकरीत निघतं आणि हायवेच्या बाजूला काळं. एकच इमारत, एकच पिनकोड. हा प्रयोग फक्त मोठं काय साठलंय ते सांगतो. सर्वात घातक कण ग्रिलवर बसायला थांबत नाहीत.

मुंबईच्या हवेत दोष कुणाचा? दिल्लीसारखा पराळीचा धूर इथेही येतो का?

पंजाब-हरियाणाची पराळी, म्हणजे कापणीनंतर शेतात जाळलेला भाताचा पेंढा, मुंबईच्या हवेचं रोजचं कारण नाही. आपली कारणं इथलीच आहेत. मोठ्या कणांत सर्वात मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीचा: खोदलेले रस्ते, न झाकलेले डंपर, आणि चाकांखाली ती धूळ पुन्हा पुन्हा उडणं. बारीक कणांत वाहनं, उद्योग, वीजनिर्मिती आणि उघड्यावर जळणारा कचरा. काही कण तर चिमणीतून निघतच नाहीत. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेतच अमोनियाशी जुळून कण होतात.

देवनारची आग इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. १९२७ पासून कचरा टाकला जाणाऱ्या त्या डोंगराला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, धूर अवकाशातून काढलेल्या चित्रात दिसला आणि आसपासच्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली. कचरा कुजताना मिथेन तयार होतो, त्यामुळे अशा ढिगाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. ओला कचरा वेगळा करा म्हणून मी दर महिन्याला डोकं खातो त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि पाव. बेकऱ्यांच्या भट्ट्या बऱ्याचदा लाकडावर चालतात, कारण भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं. त्या लाकडाला रंग, पॉलिश, सनमायका काय काय असतं. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. भट्टीच्या पावाची चव जाईल म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो. पण छोट्या बेकरीवाल्याला भट्टी बदलायचा खर्च एकट्याने झेपत नाही हेही तितकंच खरं, आणि त्याबद्दल आपण चवीइतकं बोलत नाही.

समोरच्या बांधकामाची धूळ घरात येते. बिल्डरवर काही बंधन आहे की नाही?

आहे, बरंच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा फारच बिघडली, महापालिकेने सविस्तर नियमावली काढली आणि उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. नियमावलीतल्या गेटबाहेर उभं राहून तपासता येणाऱ्या गोष्टी सांगतो. इमारत ७० मीटरपेक्षा उंच किंवा भूखंड एक एकराहून मोठा असेल तर भोवती किमान ३५ फूट उंच पत्रे हवेत, लहान भूखंडाला २५ फूट. चढत्या इमारतीला हिरवं कापड किंवा गोणपाट गुंडाळलेलं हवं. राडारोडा नेणारी गाडी झाकलेली हवी. आणि बाहेर पडण्याआधी तिची चाकं धुतली गेली पाहिजेत.

शेवटचा नियम सर्वात जास्त मोडला जातो आणि त्याचा पुरावा सर्वात सोपा असतो. आमच्या समोरच्या साइटवर चाकं धुवायचा खड्डा होता, छान काँक्रीटचा, पण कित्येक महिने कोरडा ठणठणीत. त्यात मजुरांची मुलं खेळायची. आम्ही काय केलं तर रोज एकाच वेळी, एकाच खांबाजवळून गेटसमोरच्या रस्त्याचा फोटो काढला. पंधरा दिवसांचे पंधरा फोटो, प्रत्येकात चाकांचे चिखलाचे पट्टे रस्त्याभर गेलेले. वॉर्ड ऑफिसात ‘फार धूळ होते हो’ म्हणून गेलो तेव्हा चहा मिळाला होता. फोटो घेऊन गेलो तेव्हा माणूस आला. खड्ड्यात आता पाणी असतं, निदान आठवड्यातले चार दिवस.

जाता जाता, त्या साइटवर दगड-टाइल कापणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारी धूळ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यातल्या सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. पाणी मारून कापायला सांगणं हे आपल्यासाठी जितकं, त्याहून त्याच्यासाठी.

तब्येतीवर खरंच इतका परिणाम होतो? आम्ही तर वर्षानुवर्षं हीच हवा घेतोय.

माणूस दिवसाला साधारण दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो. मोठे कण नाकात आणि घशात अडतात. सर्दी, खोकला, डोळ्यांची चुरचुर हे त्यांचं काम. बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि त्यातले अतिसूक्ष्म रक्तात उतरतात. म्हणून ‘मला खोकला नाही, म्हणजे मला काही होत नाही’ हे गणित चुकतं. रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयविकाराचा झटका व पक्षाघाताचा धोका वाढतो. हवेच्या प्रदूषणाने जाणाऱ्या बळींत मोठा वाटा हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांचा असतो, हे ऐकून आमच्या मीटिंगमधले दोन स्टेंटवाले काका पहिल्यांदा गप्प झाले.

दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) तर आहेतच. कर्करोगाबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये एकूणच बाहेरची प्रदूषित हवा निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकली. गरोदरपणात बाळाचं वजन कमी भरण्याशीही तिचा संबंध दिसतो. लहान मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात, आणि बाबागाडीतलं मूल बरोबर सायलेन्सरच्या उंचीवर असतं. सिग्नलला उभं राहताना एवढं लक्षात ठेवा.

आईला डॉक्टरांनी दम्याचा पंप दिलाय. पंपाची सवय लागते असं म्हणतात.

नाही लागत. माझ्या आईने या एका वाक्यापायी चार वर्षं गोळ्यांवर काढली, म्हणून याचं उत्तर मी जरा चिडूनच देतो. गोळी पोटात जाते, रक्तात जाते, सगळ्या अंगभर फिरते आणि मग थोडी फुप्फुसात पोचते. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये पुरतं. पंप दोन प्रकारचे असतात. एक रोज घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा. दुसरा धाप लागली की घ्यायचा, लगेच मोकळं करणारा. बरं वाटलं की रोजचा बंद करायचा आणि मग दुसरा दिवसातून पाच वेळा मारायचा, ही आपल्याकडची नेहमीची चूक. वयस्कर माणसाला स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) जोडून द्या, रोजच्या पंपानंतर चूळ भरायला सांगा. ऑक्टोबर लागण्याआधीच डॉक्टरांना एकदा भेटून डोस ठरवून घ्या.

पहाटे शुद्ध हवा असते ना? मग फिरायला पहाटेच जावं?

हिवाळ्यातल्या मुंबईत नाही. सुरुवातीला सांगितलेलं उबदार हवेचं झाकण पहाटे घट्ट बसलेलं असतं. ऊन वर आल्यावर किंवा संध्याकाळी खारा वारा असताना जा. वेळ बदलता येत नसेल तर रस्ता बदला: हायवेलगतच्या फुटपाथपेक्षा एक गल्ली आत चाललात तरी फरक पडतो. फिरणं मात्र सोडू नका. आकडा फारच चढलेला नसेल तर धडधाकट माणसाला घरी बसण्याचा तोटा जास्त.

मास्क कोणता?

एन ९५. तो नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. रुमाल, ओढणी, निळा सर्जिकल मास्क यांनी धूळ थोडी थांबते, धूर नाही. दाढीवर कुठलाच मास्क नीट बसत नाही.

एअर प्युरिफायर घ्यावा का? एसी आहे, तो पुरेसा नाही का?

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, त्याची जाळी फक्त केस आणि मोठी धूळ पकडते. प्युरिफायर घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा हृदयरोगी असेल तर घ्या, आणि तो त्या माणसाच्या झोपायच्या खोलीत ठेवा. फिल्टर हेपा प्रकारचा, म्हणजे सूक्ष्म कण अडवणारा, पाहिजे. आयोनायझर, सुगंध, रंगीत दिवे यांचे पैसे देऊ नका. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती हवा गाळून देतं, तो बघा. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा असते. तासाला पाच वेळा ती गाळली जावी असं धरलं तर सीएडीआर किमान १६० घनमीटर हवा. फिल्टर बदलायचा खर्च घेतानाच विचारा, कारण खरी किंमत तिथे असते.

घरात स्नेक प्लांट, गच्चीत तुळस, चौकात हवा गाळणारा स्मॉग टॉवर. याने हवा शुद्ध होते?

कुंड्या ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. नासाचा म्हणून फिरणारा १९८९ चा प्रयोग बंद पेटीत काही वायूंवर झाला होता. हवा खेळणाऱ्या घरात धुळीकणांचं चार कुंड्या काही करू शकत नाहीत. रस्त्याकडेची मोठी झाडं वेगळी, ती पानांवर धूळ झेलतात, म्हणून पुनर्विकासात जुनी झाडं वाचवण्यासाठी भांडा. स्मॉग टॉवर मला विचाराल तर उघड्या मैदानात एसी लावण्यासारखा. दिल्लीत कॅनॉट प्लेसला २०२१ मध्ये बसवला, उपयोग झाला तो जवळपासच. पाण्याचे फवारे मोठी धूळ तेवढी बसवतात.

गूळ खाल्ला, वाफ घेतली की छाती साफ होते?

गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही. वाफेने चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, पण आत गेलेले कण निघत नाहीत. उकळत्या पातेल्यावर लहान मुलाला वाकवू नका, भाजण्याच्या घटना होतात.

बाहेरचं जाऊ दे, घरातल्या हवेचं काय?

हा प्रश्न कमी लोक विचारतात. डासांची एक कॉइल रात्रभर जळाली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालं आहे. बाहेरच्या धुरासाठी खिडकी लावायची आणि आत कॉइल पेटवायची, हे मी आमच्याच घरात पाहिलंय. मच्छरदाणी लावा. धूप-उदबत्ती चालू असताना खिडकी उघडी ठेवा. मिरचीची फोडणी देताना चिमणी किंवा एक्झॉस्ट आधीपासून चालू हवा, ठसका लागल्यावर नव्हे.

गावाकडे अजून चूल असेल तर तिच्यासमोर रोज दोन-तीन तास बसणाऱ्या बाईची फुप्फुसं कधीही विडी न ओढता विडी ओढणाऱ्यासारखी होतात. सिलिंडर घरात असूनही भरायला परवडत नाही म्हणून आंघोळीचं पाणी, भाकरी चुलीवरच. तेवढं पाणी तरी घराबाहेरच्या बंबावर किंवा सौर हीटरवर तापलं तर तिच्या छातीचा भार कमी होतो.

दिवाळीत निदान मुलांना साधे, आवाज न करणारे फटाके द्यायला हरकत नाही ना?

आवाज नाही म्हणजे धूर नाही, असं नसतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांसोबत फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कणांत पहिला नंबर नागगोळीचा आला! काळी गोळी पेटवून साप निघतो ती. आणि ती पेटवायला आपण सर्वात लहान मुलाला पुढे करतो, तोंड वर वाकवून बघायला. त्याखालोखाल हजाराची माळ.

हे सगळं मुंबईचं झालं. बाकी महाराष्ट्रात काय?

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आपल्या राज्याची १९ आहेत. त्यात पुणे, नागपूर, नाशिक तर आहेतच, शिवाय जालना, लातूर, सांगली, बदलापूरही. चंद्रपूरची गोष्ट वेगळी: २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि कोळशाचे ट्रक. मुंबईला समुद्र तरी आहे.

ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवतात. ते जाळून शेतकऱ्याला काही मिळत नाही. सरीत पसरून कुजवलं तर ओल टिकते, तण कमी होतं आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळतं. अडचण मजुरी आणि वेळेची आहे, कुट्टीचं यंत्र गावात वेळेवर मिळण्याची आहे.

तक्रार कुठे करायची?

कचरा जाळणं, बांधकामाची धूळ, राडारोडा यासाठी महापालिकेचं वॉर्ड ऑफिस किंवा १९१६. कारखान्याच्या धुरासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, १९८१ च्या हवा कायद्याखाली कारवाईचे अधिकार मंडळाकडे आहेत. तारीख, वेळ, जागा, वारा कुठून होता आणि फोटो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

आपलाच रखवालदार पहाटे गेटवर शेकोटी पेटवतो. त्याला कसं थांबवायचं?

मागच्या जानेवारीत मी पावणेसहाला खाली गेलो. तेलाच्या डब्यात फर्निचरचे प्लायचे तुकडे, पाण्याच्या बाटल्या आणि वायरचा एक गुंडाळा जळत होता. धूर सरळ पहिल्या मजल्यावर, जिथे माझी आई झोपते. मी तावातावाने बोलायला लागलो तर तो म्हणाला, ‘साहेब, केबिनला दार नाही.’ खरंच नव्हतं, पावसाळ्यात मोडलं होतं आणि दुरुस्तीचा विषय तीन मीटिंगांत माझ्याच सहीने पुढे ढकलला होता. दार बसवलं, एक जाड कांबळं आणि स्वेटर दिला, आणि चहाचा थर्मास रात्री कोणी भरायचा याची पाळी लावली. पाळीत माझा वार गुरुवार.